माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नींसाठी ट्रॉमा थेरपी: तालुक्याच्या ठिकाणी कशी उभी करायची?

माणदेशी_हवालदार

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या तालुका माजी सैनिक संघटनेत सुमारे सहाशे कुटुंबांची नोंद आहे. श्रीलंकेत ऑपरेशन पवनला (१९८७–९०) गेलेले आता साठीच्या पुढे आहेत, कारगिलवाले (१९९९) पन्नाशीच्या आगेमागे, आणि राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीर खोऱ्यात टेन्युअर काढून चाळिशीच्या आतच पेन्शनीवर आलेली मंडळीही बरीच. झोप नाही, डोकं तापतं, दारू वाढली, लग्नाकार्याला जायचं टाळतात. तक्रारी घरोघरी त्याच.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक जिल्ह्याला. रेफरल मिळतं, मानसोपचारतज्ज्ञांकडून गोळ्या मिळतात. बोलून करायचा उपचार मात्र कोणालाच मिळत नाही. बायका पेशंटसोबत येतात आणि बाकावर बसून परत जातात, त्यांना काही होतंय का हे कोणी विचारत नाही.

हाताशी काय आहे: संघटनेच्या कार्यालयाची एक स्वतंत्र खोली, आणि पुण्याहून आठवड्यातून एक दिवस यायला तयार असलेली एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बाकीचं व्हिडिओ कॉलवर. विचार असा आहे की आधी एक मोठं शिबिर घ्यावं, सगळ्यांची तपासणी करावी, अनुभव मोकळेपणाने बोलायला लावावेत आणि मग गरजूंना थेरपीला घ्यावं. हे बरोबर आहे का? कोणती थेरपी धरावी? बायकांचं कसं करावं? आणि ईसीएचएसमधून खर्च निघतो का?

तेरावं_सेशन (क्लिनिकल सायकॉलॉजी)

दादा, शिबिर आधी घेऊ नका. आधी हिशेब करा.

एका दिवसात नीट होतात ती सहा सेशन, प्रत्येकी तासाभराची. सातवं घेता येतं, पण त्याचा दर्जा पडतो आणि टिपणं लिहायला वेळ राहत नाही. थेरपी बारा आठवड्यांची धरली तर वर्षात चार फेऱ्या होतात, म्हणजे सहा चोक चोवीस माणसं. निम्म्या जागा बायकांना ठेवल्या, आणि त्या ठेवायलाच हव्यात, तर बारा पुरुष आणि बारा स्त्रिया. यात गळती धरलेली नाही. सहाशे घरांची तपासणी करून शंभर जणांना "तुम्हाला त्रास आहे" असं सांगायचं आणि जागा चोवीस, तर पुढच्या वर्षी त्या खोलीकडे कोणी फिरकणार नाही. जागा जेवढ्या, साधारण त्याच्या दुप्पट माणसं तपासा आणि दर तीन महिन्यांनी पुढचा गट घ्या.

शिबिरात सगळ्यांना अनुभव बोलायला लावण्याचा बेत पूर्ण रद्द करा. एका बैठकीत आघाताच्या आठवणी उकरून काढण्याने पुढचा आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, म्हणूनच उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत असं डीब्रीफिंग नको असं म्हटलं जातं. त्यात सुभेदार साहेब आणि शिपाई एकाच सतरंजीवर बसले की शिपाई बोलणारच नाही. बोलला तर दुसऱ्या दिवशी गावभर होईल.

तपासणी दोन टप्प्यांत. पहिली चाळणी पीसी-पीटीएसडी-५, म्हणजे पीटीएसडीची (भयंकर घटनेनंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराची) छोटी प्रश्नावली: आधी घटना घडली का हे विचारायचं, मग पाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. तीन किंवा जास्त "हो" आले तर पुढचा टप्पा. तो म्हणजे पीसीएल-५: वीस प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की सविस्तर मुलाखत. दोन्ही प्रश्नावल्या अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या पीटीएसडी केंद्राच्या आहेत आणि फुकट वापरता येतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही, ते मुलाखतीतूनच.

इथे तीन गोष्टी बिघडतात. एक, "युद्धातला अनुभव आहे का?" असं विचारलं की निम्मे "नाही" म्हणतात. ते युद्धात नव्हतेच, पण सियाचेनला हिमस्खलनात सोबती गेलेला असतो, रस्त्यावर आयईडीने पुढची गाडी उडालेली असते, मृतदेह गोळा केलेले असतात, बराकीत कोणी स्वतःवर गोळी झाडलेली असते. घटनांची नावं घेऊन विचारा. दोन, कागद हातात देऊन भरायला सांगितला की सगळीकडे "थोडंसं" वर खूण येते. वाचून दाखवा आणि पाच पातळ्यांसाठी रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्या पाच पेल्यांचं चित्र समोर ठेवा. तीन, तक्रार मनाची म्हणून येतच नाही. छातीत धडधड, मानेत ताठ, पोटात जळजळ असं येतं. तिथून सुरुवात करा, वाद घालू नका.

थेरपीबद्दल. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या आणि संरक्षण खात्याच्या २०२३ च्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत तीन वैयक्तिक थेरप्यांना गोळ्यांच्या आधी स्थान दिलं आहे: प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना पुन्हा पुन्हा सामोरं जाणं), कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (अडकलेले विचार तपासणं) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करणं). तुमच्यासाठी मी कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग, म्हणजे सीपीटी धरीन. बारा सेशन, प्रत्येकी पन्नास ते साठ मिनिटं, घटनेचं सविस्तर वर्णन न लिहिताही करता येते. "मी पुढे असतो तर तो वाचला असता", "माझ्यामुळे गेला", "कोणावरच विश्वास ठेवायचा नाही" अशी अडकून बसलेली वाक्यं पकडून त्यांची उलटतपासणी घ्यायची असते. फौजी माणसाला ही शिस्त पटते, कारण यात गृहपाठ असतो, तक्ते असतात आणि दर आठवड्याला गुण मोजले जातात.

प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर तितकीच गुणकारी आहे, पण सेशन नव्वद मिनिटांचं आणि घरी रोज स्वतःच्या आवाजातलं रेकॉर्डिंग ऐकावं लागतं. दोन खोल्यांच्या घरात, जिथे मोबाइल मुलांच्याही हातात असतो, तिथे ते रेकॉर्डिंग कुठे ऐकणार? ही थेरपी निवडलीच तर संघटनेच्या खोलीत रोज तासभर हेडफोन लावून बसायची सोय करा. नाहीतर गृहपाठ होत नाही आणि "थेरपीचा उपयोग झाला नाही" असा निकाल लागतो.

ज्याला लिहायची सवय आहे आणि वारंवार येणं जमत नाही, त्याच्यासाठी रिटन एक्स्पोजर थेरपी बघा. पाच सेशन, प्रत्येकात तीस मिनिटं हाताने लिहायचं, घरचा अभ्यास नाही. २०१८ मध्ये सीपीटीशी तुलना झाली तेव्हा परिणाम कमी पडला नाही आणि मधेच सोडून जाणारे बरेच कमी निघाले. मराठीत लिहायचं, शुद्धलेखन तपासायचं नाही.

पीसीएल-५ दर सेशनच्या आधी, "गेल्या आठवड्यात" अशा शब्दांत. दहा गुणांनी उतरलं तर फरक खरा समजा. सहाव्या सेशनपर्यंत काहीच हललं नाही तर तसंच पुढे रेटू नका. दारू, झोप, चालू असलेला कोर्टाचा वाद किंवा चुकीची घटना निवडलेली, यातलं काहीतरी आड येत असतं.

समाजकार्य_कराड

वरच्या हिशेबात एक भर. आठवड्याला एसटीने येणं हाच मुख्य अडथळा असेल तर थेरपी आठवड्याला एकदाच असली पाहिजे असा नियम नाही. प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजरची दहा सेशन रोज एक याप्रमाणे दोन आठवड्यांत दिली, तर आठ आठवड्यांत दिल्याइतकाच उपयोग होतो, हे सेवेतल्या अमेरिकी सैनिकांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. तोही २०१८ चाच. म्हणजे शेतीची कामं नसताना माणसाला दोन आठवडे जिल्ह्याला किंवा पुण्याला ठेवलं तर चालतं. सैनिकी विश्रामगृहात जागेसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधीच अर्ज टाका आणि कल्याण संघटकांशी बोलून ठेवा, ते खेडोपाडी फिरतात. शिवाय रोजचं सेशन असलं की टाळाटाळीला मधे वेळच मिळत नाही.

आता बायकांबद्दल, कारण या धाग्यात त्या दुसऱ्या क्रमांकावर येतायत आणि प्रत्यक्षातही तसंच होतं.

पहिला नियम: तिची फाइल वेगळी, तिचा नंबर वेगळा, आणि शक्य असेल तर तिची थेरपिस्टही वेगळी. "त्यांना कसं सांभाळायचं" याचं मार्गदर्शन म्हणजे तिचा उपचार नव्हे. तिच्यासाठी नैराश्याची प्रश्नावली पीएचक्यू-९ (१० किंवा जास्त आले तर पुढची मुलाखत) आणि चिंतेची जीएडी-७ वापरा. पीसीएल-५ फक्त तिच्या स्वतःच्या आघातासाठी: मारहाण, बाळंतपणातलं संकट, नवरा जखमी झाल्याची अचानक आलेली बातमी.

घरात नेमकं काय होतं ते समजून घ्या. नवरा फील्डवर असताना पंधरा-सतरा वर्षं शेत, बँक, मुलांची शाळा, सासू-सासऱ्यांची दुखणी हे सगळं तिने चालवलेलं असतं. तो पेन्शनीवर आला की घरात दोन कमांडर होतात. या भांडणांना लगेच पीटीएसडीचं लेबल लावू नका. पण ती दार हळू लावते, मुलांना गप्प करते, पाहुण्यांना "ते झोपलेत" म्हणून परत पाठवते, त्याच्याऐवजी बाजार करते, वरातीच्या रस्त्याने जायचं टाळते. हे ती प्रेमापोटी करते आणि त्यानेच त्याचं टाळणं पक्कं होतं. तिला दोष न देता हे तिच्यासमोर मांडायचं आणि एकेक सवलत दोघांच्या संमतीने काढायची. एकदम सगळ्या काढल्या तर घरात स्फोट होतो.

जोडप्याने मिळून करायची पीटीएसडीची स्वतंत्र थेरपी आहे, कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल कन्जॉइंट थेरपी. पंधरा सेशन, प्रत्येकी साधारण सव्वा तास, तीन टप्पे: आधी घरातली सुरक्षितता, मग बोलणं आणि टाळलेल्या गोष्टी मिळून करणं, शेवटी अडकलेले विचार. मात्र घरात गंभीर मारहाण असेल तर जोडप्याला एकत्र बसवायचं नाही. सेशनमध्ये ती खरं बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणून पहिली मुलाखत तिची एकटीची, सासूबाई सोबत आल्या तरी त्यांना रक्तदाब तपासायला दुसऱ्या खोलीत बसवा. थेट विचारा: "घरात हात उचलला जातो का? तुम्हाला भीती वाटते का?" उत्तर हो असेल तर १८१ हेल्पलाइन, तालुक्याचे संरक्षण अधिकारी, तातडीला ११२. ही माहिती तिच्या हातात कागदावर देऊ नका; नंबर पाठ करून घ्या किंवा बचत गटाच्या वहीच्या मागे साध्या नावाने लिहून द्या.

वीरपत्नींचा विषय वेगळा आहे. बारा महिने उलटले तरी दिवसचे दिवस त्याच ओढीत जातात, घरातली कामंही सुटली आहेत, तर ते दीर्घकालीन शोकाचं लक्षण असू शकतं आणि त्यासाठी साधारण सोळा सेशनची स्वतंत्र थेरपी आहे. सीपीटी तशीच उचलून लावू नका. आणि पैशावरून सासरशी वाद चालू असेल तर आधी तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात न्या. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. डोक्यावर नोटीस असताना थेरपी पुढे सरकत नाही.

वेळ अकरा ते दोन ठेवा. सकाळी डबे आणि जनावरं, चारनंतर पुन्हा धारा. खोलीत लहान मुलांसाठी कोपरा आणि सांभाळायला एक बाई हवी. नसेल तर तरुण आया येणारच नाहीत.

पीपीओ_आणि_पार्ट_टू

कागदपत्रांचं मी सांगतो, कारण गाडं इथेच अडतं.

पेन्शनर माजी सैनिक ईसीएचएसचा सभासद असतो आणि पत्नीचं कार्ड स्वतंत्र असतं. म्हणजे ती स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावाने रेफरल घेऊ शकते. कुटुंब पेन्शन घेणारी वीरपत्नी तर स्वतःच सभासद असते. हे पॉलिक्लिनिकच्या दारात उभं राहूनही अनेकांना ठाऊक नसतं. "साहेबांना घेऊन या" असं कोणी म्हटलं तर शांतपणे कार्ड पुढे करायचं.

अडचण येते नावात. लग्नाआधीचं नाव, सासरी बदललेलं नाव, आधारवरचं तिसरंच स्पेलिंग, आणि पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (लग्न, मुलं अशा नोंदींच्या आदेशात) चौथं. जन्मतारखेचंही तसंच. कार्डासाठी अर्ज परत येतो तो याच कारणाने. आधी पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार आणि स्पर्श या पेन्शन पोर्टलवरची नोंद चारही समोरासमोर ठेवून जुळवा. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे पाठवा. यात महिने जातात, म्हणून थेरपीची यादी करायच्या आधी हे काम सुरू करा. संघटनेचा खरा उपयोग इथे आहे.

रेफरल: पॉलिक्लिनिकचे वैद्यकीय अधिकारी पाहतात आणि पॅनेलवरच्या हॉस्पिटलला पाठवतात. चिठ्ठीवर नुसतं "मानसोपचार सल्ला" असेल तर सल्ला होतो, गोळ्या लिहिल्या जातात आणि विषय संपतो. चिठ्ठीत मूल्यमापन आणि सायकोथेरपी दोन्हींचा उल्लेख करायला सांगा. रेफरल घेण्यापूर्वी पॅनेलवरच्या हॉस्पिटलांना फोन करून तीन गोष्टी विचारा: पगारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, आठवड्याचे कोणते दिवस, आणि एकाच माणसाला सलग बारा वेळा तीच व्यक्ती भेटेल का. ज्या हॉस्पिटलात तिन्हींची उत्तरं ठाम येतील तेच नाव मागा. चिठ्ठीची मुदत बघून पुढची चिठ्ठी दहाव्या सेशनला नाही, आठव्यालाच मागा.

बिलं सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दरांनी होतात. तुमच्या खोलीत पुण्याहून येणाऱ्या सायकॉलॉजिस्टची फी ईसीएचएसमधून मिळेल अशा भरवशावर राहू नका. ती पॅनेलवर नाही. तिचं मानधन आणि प्रवास संघटनेने वेगळा उभा करायचा. म्हणून मी दोन रांगा करीन: ज्यांना जिल्ह्याला जाणं जमतं ते ईसीएचएसमधून, ज्यांना जमत नाही ते आणि बहुतेक बायका तुमच्या खोलीत.

पेन्शन न मिळता बाहेर पडलेले जवान साधारणपणे ईसीएचएसमध्ये बसत नाहीत. त्यांच्यासाठी सिव्हिल हॉस्पिटलातला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, तपासणी आणि औषधं मोफत. त्यांचं पथक कोणत्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं ते विचारून खोलीच्या भिंतीवर लावा.

आणि त्या सायकॉलॉजिस्टचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक बघून घ्या, रजिस्टर ऑनलाइन तपासता येतं. आजकाल दोन दिवसांचा कोर्स केलेलेही "ट्रॉमा तज्ज्ञ" अशी पाटी लावतात.

नाइट_ड्यूटी (मानसोपचार)

थेरपीवाल्यांचं बरोबर आहे, पण गोळ्यांना कमी लेखू नका. थोडक्यात माझे मुद्दे.

सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन यांना पीटीएसडीत आधार आहे. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी बंद करतो. दुसरं, कोणी बोलत नाही ते सांगतो: यांच्यामुळे लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होते. नवरा गुपचूप गोळी सोडतो, बायकोला वाटतं आपल्यावरचं मन उडालं. दोघांना विचारा, डोस, वेळ किंवा औषध बदलता येतं, पण डॉक्टरांना कळलं तर.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम महिनोन्महिने चालू असतील तर ते पीटीएसडीवरचा उपचार नाहीत. मार्गदर्शक सूचना त्यांच्या विरोधात आहेत आणि थेरपीतही ती आड येतात. मात्र एकदम तोडायची नाहीत, हळूहळू उतरवायची. वाईट स्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं जातं; ते रक्तदाब पाडतं, म्हणून अगदी कमी डोसने, झोपताना. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायचं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवूनच.

दारू. कॅन्टीनचा कोटा असतो, त्यामुळे रम घरात असतेच. ऑडिट या दारूच्या प्रश्नावलीचे दहा प्रश्न विचारा, ८ किंवा जास्त गुण असतील तर थेरपीइतकंच लक्ष दारूला. "आधी दारू सोड, मग थेरपीला ये" ही अट घालू नका, दोन्ही एकत्र चालू शकतं. पण रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी झटक्यात बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, थरथर, ताप. ते जीवघेणं असतं. हात थरथरत असतील, पूर्वी फिट आली असेल, तर दाखल करूनच सोडवायची आणि थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आधी द्यायचं. गावाकडे देवळात माळ घालून एका दिवसात सोडणारे असतात, त्यांच्यावर पहिले चार दिवस नजर ठेवायला घरच्यांना सांगा.

थेरपीआधी कानांची तपासणी करून घ्या. तोफखाना आणि मोर्टारवाल्यांना कमी ऐकू येतं, कानात सतत आवाज असतो. व्हिडिओ कॉलवर ते नुसते मान डोलावतात आणि थेरपिस्टला वाटतं सगळं समजतंय. मोठ्याने घोरणारा, दिवसा पेंगणारा असेल तर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, बघा. तो सुटला की स्वप्नंही कमी होऊ शकतात.

टेलि-मानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन: १४४१६, चोवीस तास, मराठीत. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि सैन्यदलं व त्यांच्या कुटुंबांसाठीचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात) १ डिसेंबर २०२३ पासून. रात्री दोनला घाबरून उठलेल्या माणसासाठी, किंवा त्याच्या शेजारी जागी असलेल्या बायकोसाठी, हा नंबर उत्तम. पण तो पहिला आधार आणि पुढची वाट दाखवण्यासाठी आहे. बारा सेशनची थेरपी त्यावर होईल अशी अपेक्षा ठेवू नका, नाहीतर "फोन केला, काही झालं नाही" असं होतं.

माणदेशी_हवालदार

सगळ्यांचे आभार. शिबिराचा बेत रद्द. आणखी तीन शंका. एक, आमच्यातले निम्मे जण बँकेत, एटीएमच्या गाडीवर गार्ड आहेत, बारा बोअरच्या बंदुकीचं लायसन घरी. ते म्हणतात, नाव नोंदवलं तर लायसन जाईल. काहींना डीएससीला (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, जिथे माजी सैनिक पुन्हा भरती होतात) परत जायचंय. दोन, आमच्याच दोन-तीन निवृत्त जेसीओंना (सुभेदार वगैरे हुद्द्याच्या) थोडं शिकवून समुपदेशक करता येईल का? तीन, बायकांना निरोप कसा द्यायचा? फोन नवऱ्याकडेच असतो.

तेरावं_सेशन

लायसन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नुसार उपचाराची माहिती गोपनीय आहे. तुमच्या खोलीतली यादी पोलीस ठाण्याला किंवा मालकाला जात नाही, आणि जाऊ द्यायचीही नाही. संघटनेच्या हजेरी वहीत "थेरपी" असा रकाना ठेवू नका. निवृत्तीनंतर उपचार घेतल्याने चालू पेन्शन कमी होत नाही. डीएससीची गोष्ट वेगळी: तिथे पुन्हा वैद्यकीय तपासणी होते आणि सैन्याच्या शेप या वैद्यकीय श्रेणीतला "एस" मनाच्या प्रकृतीचाच आहे. त्या माणसाला खोटा दिलासा देऊ नका. पण न झोपता, रोज पिऊन ती तपासणी पार होण्याची शक्यता उपचार घेऊन जाण्यापेक्षा जास्त नसते.

बंदुकीबद्दल मात्र थेरपिस्टने पहिल्याच भेटीत विचारायचं: घरात शस्त्र आहे का, काडतुसं कुठे, किल्ली कोणाकडे. मरणाचे विचार असतील तर शस्त्र काही काळ घराबाहेर. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येतं, पावती घ्या. "साफसफाई आणि दुरुस्तीला दिली" म्हटलं तरी चालेल. तेवढंही जमत नसेल तर काडतुसं वेगळ्या घरी आणि कपाटाची किल्ली भावाकडे. बायकोला बंदूक लपवायला सांगू नका, भांडणात तीच सापडते. आणि विकलांगता पेन्शनचे दाखले थेरपिस्टकडून मागू नका. दाखला देणारी आणि थेरपी करणारी व्यक्ती एकच असली की गुण कमी होणं पेशंटला तोट्याचं वाटू लागतं.

जेसीओ. ट्रॉमा थेरपी त्यांच्या हाती देऊ नका, पण त्यांच्याशिवाय हे चालणारही नाही. बरीच माणसं सुरुवातीच्या काही सेशनमध्येच गळतात, कारण तेव्हाच नको ते आठवायला लागतं. त्या काळात आदल्या संध्याकाळी फोन करून "उद्या अकरा वाजता, मी स्टँडवर आहे" एवढं म्हणणारा माजी सैनिक हवा. काय बोललास असं त्याने कधीच विचारायचं नाही. तो शक्यतो दुसऱ्या पलटणीचा आणि दुसऱ्या गावचा असू द्या.

नैराश्याचं मात्र वेगळं आहे. गोव्यातल्या संगाथ संस्थेने या विषयाची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून सहा ते आठ सेशनचा हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम देऊन नीट चाचणी घेतली आणि तो उपयोगी ठरला. दारूसाठीही त्यांचा तसाच छोटा कार्यक्रम आहे. पुस्तिका मोफत मिळतात. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त पण ट्रॉमा नसलेल्या बायकांसाठी तालुक्यातल्या दोन बारावी झालेल्या किंवा पदवीधर मुली तयार करा, सायकॉलॉजिस्टने दर आठवड्याला त्यांच्या केसेस ऐकायच्या. ही देखरेख बंद पडली की तीन महिन्यांत सेशनचं रूपांतर सल्ले देण्यात होतं. यामुळे तुमच्या चोवीस जागा खऱ्या ट्रॉमासाठी मोकळ्या राहतील.

समाजकार्य_कराड

निरोपाचं. व्हॉट्सॲपवर लिहून काहीही पाठवायचं नाही. फोन केला तर पहिलं वाक्य "आत्ता बोलता येईल का?" आणि नाही म्हटलं तर "बचत गटाच्या मीटिंगचं सांगायला केला होता" म्हणून ठेवायचा. ते खोटं ठरू नये म्हणून त्याच खोलीत त्याच दिवशी खरोखर मीटिंग ठेवा. आशा ताईंकडून तोंडी निरोप सगळ्यात पक्का, पण त्या त्याच वाड्यातल्या नसाव्यात. बायकांचे गट केले तर साहेबांच्या मिसेस आणि जवानांच्या बायका वेगळ्या बसवा, कारण नवऱ्यांचा हुद्दा इथेही येऊन बसतो.

व्हिडिओ सेशनच्या सुरुवातीला दर वेळी विचारायचं: तुम्ही आत्ता कुठे बसला आहात, खोलीत कोण आहे, कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर, आणि जवळचं हॉस्पिटल कोणतं. पहिली दोन सेशन समोरासमोरच घ्या.

पाटीवर "मनोविकार" लिहू नका, "माजी सैनिक आरोग्य कक्ष" पुरे. तिथे रक्तदाब आणि साखर खरोखर तपासली गेली पाहिजे. येणाऱ्याला घरी सांगायला कारण मिळतं, आणि तपासणीची गरज त्यांना आहेच.

तेरावं_सेशन

पहिली फेरी कधी सुरू करायची तेही ठरवा. गणपतीची डीजे-मिरवणूक आणि दिवाळीचे फटाके यांच्या मधे सुरू केली तर पहिले चार आठवडे नेमके सगळ्यात वाईट जातात आणि लोक थेरपीला दोष देतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू करा. मात्र मार्गशीर्षातली लग्नं बाराव्या आठवड्याच्या आत येतील, त्यांच्या तारखा आधीच विचारून ठेवा. गर्दीचा, बँडचा सराव करायला ती लग्नंच उपयोगी पडतील. पहिल्या लग्नात मंडपाच्या कडेला वीस मिनिटं, भीती शंभरात किती ते दर पाच मिनिटांनी मनात मोजायचं, निम्म्यावर आल्याशिवाय निघायचं नाही. वीस मिनिटांत उतरली नाही तर आणखी थांबायचं. बायकोने त्या वेळी "चला, बस झालं" म्हणायचं नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा.